मागून येणारं अक्षर

१

यंत्राला अक्षर कळत नाही, त्याला कळतो आकडा. ही गोष्ट वाल्मीक पगारेने गेल्या काही महिन्यांत इतक्या लोकांना सांगितली होती, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने ती घडाघडा म्हणून दाखवली असती. अर्थात झोप लागली असती तर.

सातपूरच्या एका कारखान्यात तो देखभाल विभागात होता. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं तेव्हा त्या कारखान्यात परदेशातून वेल्डिंगचा रोबो आला. पिवळ्या रंगाचा एकच हात, खांद्यापासून मनगटापर्यंत. त्याच्या शेजारी त्याला चालवणारं आकड्यांचं कपाट, आणि त्या कपाटाला गरम होऊ नये म्हणून गार हवेची खोली. बाकीचे वेल्डर पत्र्याखाली घामाने निथळत असायचे आणि काचेतून त्या खोलीकडे बघायचे. त्यांनी रोबोचं नाव पाहुणा ठेवलं. एक तर त्याची उठबस पाहुण्यासारखी होती, आणि दुसरं म्हणजे तो जायचं नाव घेणार नव्हता.

पाहुण्याला बोलता यायचं. म्हणजे त्याच्या छोट्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत इंग्रजी शब्द उमटायचे. काम चालू आहे, थांबलंय, तार संपली, जाळीच्या आत येऊ नका. पण ते वाचणार कोण? काही उमटलं की माणसं काम सोडून वाल्मीकला हाका मारायची. दिवसभर खाली-वर करून त्याच्या नाकी नऊ यायचे. शेवटी कुलथे साहेबांनी त्याला बोलावून घेतलं.

"पगारे, एक मेला मुंबईहून मोठी माणसं येतायत. महाराष्ट्र दिन आहे. पडद्यावर मराठी दिसली पाहिजे."

"साहेब, त्याच्या पोटात मराठी नाहीये."

"मग घाला की!"

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. साहेब 'घाला' म्हणाले आणि जेवायला गेले. वाल्मीक घालत बसला. चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका काळा करून त्याने अक्षरं काढली. क, ख, ग, घ. काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा. प्रत्येकाला एक आकडा दिला. पाहुण्याने आकडा पाठवायचा आणि वाल्मीकच्या प्रोग्रॅमने त्या आकड्याचं अक्षर करून पडद्यावर ठेवायचं. सगळं सुरळीत चाललं होतं, ते पहिल्या वेलांटीपर्यंत.

'विराम' लिहायचा होता. आधी व चा आकडा आला, प्रोग्रॅमने व काढला. मग वेलांटीचा आकडा आला. आता वेलांटी उच्चारताना व च्या नंतर येते, पण लिहिताना ती व च्या आधी काढावी लागते. आणि आधीच्या जागेवर तर व ऐसपैस बसलेला. पहिलीतल्या पोराला जे बाईंच्या एका पट्टीत जमतं, ते लाखो रुपयांच्या यंत्राला जमेना.

चार रात्री छताकडे बघण्यात गेल्यावर वाल्मीकला वाट सापडली. अक्षर आलं की लगेच ठेवायचं नाही. हातात धरून थांबायचं. मागून काय येतंय ते बघायचं. वेलांटी आली तर ती लावून घ्यायची, काना आला तर काना. मागून दुसरं अक्षर आलं, की मगच हातातलं पडद्यावर ठेवायचं आणि ते नवं हातात धरायचं. त्याला स्वतःलाच हे इतकं आवडलं की त्याने घरी जाऊन बायकोलाही सांगितलं. लता अंगणवाडीत शिकवायची. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हणजे मागचा आल्याशिवाय पुढच्याला सोडायचं नाही. रांगेत पोरांना मी तसंच करते."

२

दुसऱ्या दिवशी सगळा विभाग पडद्यापुढे गोळा झाला. वाल्मीकने बटण दाबलं. पाहुण्याने 'चालू' चे आकडे पाठवले. पडद्यावर आलं:

चा

जुना वेल्डर कोंडाजी म्हणाला, "साहेब, लाख रुपयाचा पाहुणा, पण आल्या आल्या चा मागतोय बघा. आपल्यातलाच निघाला!"

हसून हसून लोकांची पोटं दुखली. वाल्मीक घाईघाईने 'विराम' पाठवायला गेला तर 'लूविरा' आलं. त्यावर तर माणसं खालीच बसली. पुढचे दोन दिवस कोणीही कोणालाही भेटलं की "काय लूविरा, बरं हाय ना?" असं चाललं होतं. कोंडाजीने तर पाहुण्यासमोर खरोखर कपभर चहा नेऊन ठेवला आणि कुलथे साहेबांची बोलणी खाल्ली.

वाल्मीकही हसला. पण घोडं कुठे पेंड खातंय ते त्याच्या लगेच ध्यानात आलं होतं. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर हातातच राहत होतं. मागून कोणी येणारच नव्हतं, मग त्याला पडद्यावर ढकलणार कोण? पुढचा शब्द आला की त्याच्या पहिल्या अक्षराच्या धक्क्याने मागचं राहिलेलं बाहेर पडायचं. उपाय सोपा होता. प्रत्येक शब्दामागे एक रिकामी जागा पाठवायची. यंत्राच्या लेखी रिकाम्या जागेलाही आकडा असतो. ती आली की शेवटचं अक्षर सुटतं.

त्याने तसं केलं आणि संध्याकाळपर्यंत 'चालू', 'विराम', 'बंद' सगळे शब्द शेपटीसकट उमटू लागले. कुलथे साहेबांनी पाठ थोपटली. वाल्मीकला आनंद व्हायला हवा होता, पण तो इतका दमला होता की आनंद वगैरे त्याने रविवारवर ढकलला.

३

त्याच आठवड्यात, कारखान्याच्या बसमधून तो वसाहतीच्या नाक्यावर उतरला. शेजारी राहणारा पुंजाराम रंगकाम विभागात होता. तो मागच्या बाकावर पेंगत असायचा आणि सगळ्यांच्या शेवटी उतरायचा. वाल्मीक रोजच्यासारखा त्याच्यासाठी थांबला. माणसं उतरली, पांगली. बस धूर सोडत निघून गेली. पुंजाराम काही उतरला नाही.

झोपला असेल, वाल्मीकला वाटलं. आता डेपोत जाऊन जागा होईल. तो वळणार, तेवढ्यात गंगापूरकडून मोगऱ्याची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई येताना दिसली. ती जवळ आली. आणि तिच्या पुढे, वाल्मीकपासून दोन हातांवर, पुंजाराम उभा होता. जांभई देत.

"काय रे, कोणाची वाट बघतोय?"

"तुझीच. होतास कुठे?"

"हितंच की. तुझ्या डोळ्यांदेखत उतरलो."

दोघं चालू लागले. पुंजाराम नेहमीसारखा ओव्हरटाइमबद्दल कुरकुर करत होता. त्याच्या दाराशी आल्यावर त्याने हात वर केला. "चल मग. जय भी."

आणि तो आत गेला.

वाल्मीक तिथेच उभा राहिला. चुकून राहिलं असेल. बोलता बोलता माणूस शब्द अर्धवट खातो. पण हा शब्द कोणी खात नाही, निदान त्यांच्या वसाहतीत तरी नाही. आतून पुंजारामच्या बायकोने मोरीत पाणी टाकायला त्याला हाक मारली. आणि तिच्या हाकेच्या अगदी आधी, पुंजारामच्या घोगऱ्या आवाजात, स्पष्ट, एकटा म आला.

घरी आल्यावर वाल्मीकने डोक्यावर गार पाणी ओतून घेतलं. दिवसभर अक्षरं जोडायची आणि तोडायची, मग संध्याकाळी ती कानात वाजणारच. सुताराला स्वप्नातही रंधाच दिसतो. एवढं म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली, आणि ती घातली गेली.

४

वाल्मीकचे वडील भिमाजी मनमाडला रेल्वेत गँगमन होते. निवृत्त झाल्यावर थोरल्या मुलाकडे न जाता ते इथे आले, कारण लता त्यांना तिखट करून वाढायची. उंच, सडसडीत, पांढरा सदरा, आणि चालायची एक ठरलेली रीत. कुठेही निघायचं झालं की ते सगळ्यांच्या मागे राहायचे. "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच." लग्नाला जा, विहारात जा, बाजारात जा. वाल्मीकचं अर्धं आयुष्य मागे वळून वळून बापाची वाट बघण्यात गेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा कंटाळा आला होता. माणूस दमला की आधी चिडतो तो जवळच्यांवर.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी तिघं विहारातून परत येत होते. वाल्मीक आणि लता दारात पोचले. त्याने वळून पाहिलं. गल्ली मोकळी होती. संध्याकाळच्या उन्हात निंबाचं झाड, विजेचा खांब, पुढे रिकामा रस्ता. म्हातारा कुठेच नव्हता.

"बाबा!"

"आलो." आवाज जवळून आला. खांबाच्याही अलीकडून. चपलांचा फटक फटक आवाज, आणि खोकला.

"मामा आले वाटतं," सासऱ्यांचा खोकला ओळखून लता म्हणाली आणि कुलूप काढायला वळली.

चपला वाजत होत्या आणि चपला नव्हत्या. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी शेजारची नवसाबाई पाण्याची घागर घेऊन वळली. ती वळली मात्र, भिमाजी दिसले. खांबाशी नाही, अगदी दारापाशी. कपाळाचा घाम पुसत.

"असं भूत बघितल्यावानी काय बघतोय?"

रात्री जेवणं झाल्यावर वाल्मीक त्यांच्या खाटेपाशी बसला. "बाबा, उद्यापासून तुम्ही पुढे चालत जा. मी मागे राहीन."

म्हाताऱ्याने तंबाखू मळता मळता हात थांबवला. "का रे?"

"तुम्ही मागे पडता. काळजी वाटते."

"लायनीवर गँग चालायची तवा मागं एक माणूस लागायचा. बाकीचे खाली बघून काम करायचे, अन् एकाने मागं ध्यान ठेवायचं, गाडी आली तर कळावी म्हणून. ते काम माझ्याकडं होतं. लोक म्हणायचे, भिमाजी, सोपं काम हाय तुझं." त्यांनी तंबाखूची चिमूट ओठाखाली धरली. "सोपं नसतं. पण ज्याला सवय हाय त्यानंच करावं. तू नको."

"आता कुठे लाईन आहे, बाबा?"

"नाय तर नाय. पण तू नको."

एवढं बोलून ते कूस बदलून झोपले. वाल्मीकला वाईट वाटलं. बाप म्हातारा झाला, भ्रमिष्टासारखं बोलायला लागला, असं त्याला वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं, की बापाला काहीतरी कळलंय आणि तो ते एकटा सांभाळतोय.

५

कारखान्याच्या डॉक्टरने त्याचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, ताकदीच्या गोळ्या दिल्या. "रजा घ्या थोडी." एक मे तोंडावर आलेला आणि म्हणे रजा घ्या.

वाल्मीकने प्रोग्रॅम पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. दोष तिथे असेल तर तो काढता येईल, अशी त्याला वेडी आशा होती. पण तिथे दोष नव्हता. पाहुणा शब्द पूर्ण उच्चारत होता. जणू घरातला उंदीर हाकलला आणि तो गल्लीत गेला. हा विचार त्याने झटकून टाकला. तो डिप्लोमा झालेला माणूस होता, असले विचार त्याला शोभत नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. त्याने कळफलकावर 'बाबा' असं टाकलं आणि मागची रिकामी जागा मुद्दाम काढून टाकली. पडद्यावर 'बा' आलं. तो बघत राहिला. दुसरा 'बा' गेला नव्हता, पुसला नव्हता. तो होता. यंत्राच्या हातात तयार उभा होता, काना लावून. फक्त मागून काही येत नव्हतं. त्याने रिकामी जागा पाठवली. चटकन शब्द पूर्ण झाला.

बाबा

त्याचे डोळे भरून आले. इतक्या क्षुल्लक गोष्टीने डोळे भरून यावेत, याची त्याला लाजही वाटली.

"काय साहेब, पाहुण्याला नाती शिकवताय का?" कोंडाजी दारात डबा धुऊन उभा होता.

"कोंडाजी, एक विचारू? सुट्टी झाल्यावर सगळ्यात शेवटी बाहेर पडणारा माणूस... तो दिसतो का तुम्हाला?"

"शेवटचा मीच असतो साहेब. शटर मी वढतो. आता मी दिसतो का नाय, ते मला कसं कळायचं?" कोंडाजी हसला. मग वाल्मीकचा चेहरा पाहून त्याचं हसू जरा कमी झालं. "झोप झाली का नीट?"

"आता त्याच्या हातात काय आहे, माहीत आहे?" वाल्मीकने पडद्याकडे बोट केलं. "ती रिकामी जागा. शेवटी हातात काहीतरी अडकणारच. रिकामं अडकलं तर लोकांना कळत नाही, इतकंच."

"रिकामं ते रिकामं. त्याला काय घाबरायचं?"

"रिकामं नसतं ते. त्यालाही आकडा आहे."

कोंडाजीने डब्यातलं पाणी झटकलं आणि निघून गेला. तो दारातून बाहेर पडला तेव्हा वाल्मीकने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही.

६

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असायचा. वसाहतीत टीव्ही मोजके, त्यामुळे अख्खी गल्ली त्या चार-पाच घरांत जाऊन बसायची. एरवी माणसांनी फुललेली गल्ली त्या वेळात ओस पडायची.

भिमाजी दुपारीच विहारात गेले होते. सिनेमा सुरू झाला, गाणं झालं, भांडण झालं, तरी ते आले नाहीत. लता दोनदा दारात येऊन गेली. "अहो, मामा अजून आले नाहीत. जरा बघून या ना."

वाल्मीक बाहेर आला. ऊन तिरपं झालं होतं. विहाराला कुलूप होतं. कुलूप लावणारे वाल्मीकला कोपऱ्यावर भेटले. ते म्हणाले, भिमाजी मघाच निघाले, आम्ही सगळे पुढे आलो, ते आलोच म्हणाले. वाल्मीक मागच्या वाटेने घरापर्यंत आला आणि घराच्या बाजूने पुन्हा गल्लीत शिरला. निंबाच्या झाडाजवळ त्याला खोकला ऐकू आला.

तिथे कोणी नव्हतं.

चपला वाजल्या, थांबल्या. पुन्हा वाजल्या. एका जागी चालल्यासारख्या. खूप दमलेल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. म्हातारा बहुतेक बराच वेळ असा चालत होता. मागून कोणी येईल, म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा भरवसा धरून.

"बाबा?"

"आलो," आवाज आला. अगदी थकलेला.

वाल्मीकला भीती वाटली, पण त्याहून जास्त दया आली. किती दिवस हा माणूस असा अधांतरी उभा राहत असेल आणि घरी येऊन मुकाट्याने जेवत असेल? त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. कोणीही येत नव्हतं. सगळ्या घरांतून एकच गाणं वाजत होतं.

मग त्याने तेच केलं जे कोणीही लेक करेल. भिंतीला अंग घासून तो त्या आवाजाच्या बाजूने पुढे सरकला. तंबाखूचा आणि घामाचा ओळखीचा वास नाकाशी आला, गेला. पलीकडे जाऊन तो वळला.

समोर पांढऱ्या सदऱ्याची वाकलेली पाठ होती.

"कोण? वाल्मीक?" भिमाजींनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "तू मागं कशाला आलास? पुढं हो. पुढं हो म्हणतो ना!"

"चला बाबा. मी आहे मागे."

"आरं, ऐक माझं. मी म्हातारा. माझं काय, चालतंय. तू नको रे मागं."

"चला."

त्याने पाठीला हात लावून त्यांना हलकेच पुढे ढकललं. जन्मात पहिल्यांदा बाप त्याच्या पुढे चालत होता.

७

लता दारातच होती. "आलात मामा! किती वेळ? जीव टांगणीला लागला आमचा." तिने त्यांचा हात धरून त्यांना उंबऱ्याआड घेतलं. मग बाहेर पाहिलं. "आणि हे कुठे राहिले? तुम्हालाच बघायला गेलेत."

"मागं हाय," भिमाजी म्हणाले. त्यांनी मागे पाहिलं नाही.

लताची नजर वाल्मीकवरून गेली. वाल्मीकमधून गेली, आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबली. त्याने हात हलवला. उंबऱ्यात पाऊल टाकायला गेला. पुढे जागा होती, पण तो त्या जागेवर पडत नव्हता.

"लता!" त्याने हाक मारली. गल्लीत नुसतं 'ल' उमटलं, तेही कोणी घास गिळल्यासारखं.

"काय म्हणालात, मामा?"

"मी नाय काय म्हणालो."

तो भ्यायला नाही, असं नाही. पण भीतीच्याही आधी त्याला फार थकवा आला. आता कोणीतरी यावं, एवढंच त्याला वाटलं. पुंजाराम यावा, एखादं कुत्रं यावं. त्याला हेही वाटलं, की कोणी आलं तर मग तो येणारा शेवटचा होईल, आणि त्याच्या घरी कोण त्याची वाट बघत असेल? ऊन त्याच्या पाठीवर होतं. त्याची लांब सावली उंबऱ्यावर पडायला हवी होती, तिथे ती नव्हती.

आणि मग ती पडली.

"अगं बाई!" लता दचकली आणि हसली. "इथेच तर उभे आहात! मला कसं दिसलं नाही? डोळ्यांत ऊन आलं वाटतं."

तिने त्याला पाहिलं. पूर्ण पाहिलं. त्या क्षणी वाल्मीकला रडू येईल इतका आनंद झाला. तिच्या डोळ्यांत तो स्वतः होता, शर्टाच्या उघड्या बटणासकट.

मग त्याने कान दिला. मागे सायकल वाजली नव्हती. पाऊल वाजलं नव्हतं. दार उघडलं नव्हतं. सिनेमातलं गाणं अजून चालू होतं आणि गल्लीतलं एकही माणूस जागचं हललं नव्हतं. फक्त त्याच्या पाठीवर आतापर्यंत लागत असलेलं ऊन आता लागत नव्हतं.

तो वळला नाही.

भिमाजी आतल्या खाटेवर मटकन बसले. त्यांनी मुलाकडे पाहिलं, फक्त मुलाकडे, आणि डोळ्यांतलं पाणी सदऱ्याच्या बाहीने पुसलं. "मधला झालास रे बाळा," ते म्हणाले.

"काय मधला?" लताने विचारलं. तिने वाल्मीकला दंडाला धरून आत घेतलं आणि दार लोटलं. ते लगेच लागलं नाही. तिला ते जरा धरून ठेवावं लागलं, मग लागलं.

एक मे चांगला पार पडला. मुंबईच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कुलथे साहेबांनी भाषण केलं. वाल्मीकला पगारवाढही मिळाली. आता तो कोणासाठी थांबत नाही, मागे वळूनही बघत नाही. कुठेही एकटा गेला तरी लोकांना तो नीट दिसतो. म्हातारा आजकाल त्याच्या पुढे चालतो, मान खाली घालून, एखाद्या हरलेल्या माणसासारखा.

फक्त जेवायला बसताना वाल्मीक भिंतीला टेकत नाही. मागे कोणी मावेल एवढी, हातभर जागा सोडून बसतो. दिवसभर उभं राहून त्याची कंबर मोडलेली असते, ते लताला दिसतं, आणि ती रोज म्हणते, "टेका की जरा. कशाला असं अवघडून बसता?"

"असू दे," तो म्हणतो, आणि भाकरी मोडतो.